धूळ कोणाची, दमा कोणाचा?

(शहरी भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



हवा सर्वांची आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. जमीन सातबाऱ्यावर चढते, पाण्याला मीटर बसतो, विजेचे बिल येते. हवेला मात्र मालक नाही. म्हणून निदान श्वास घेण्याच्या बाबतीत तरी मलबार हिलवरचा रहिवासी आणि गोवंडीचा रहिवासी एका पातळीवर आहेत, अशी एक समजूत समाजात रूढ झाली आहे. ती खरी नाही. हवेला मालक नसेल; परंतु हवेत उडणाऱ्या प्रत्येक कणाला उगम असतो, आणि त्या उगमाला बहुधा मालकही असतो. कोणी तो कण उडवून नफा मिळवतो, कोणी तो छातीत साठवून औषधाचे पैसे भरतो. हे दोघे क्वचितच एक असतात. शहरातील धुळीचा प्रश्न समजून घ्यायचा तो या दोघांमधील अंतर मोजून. केवळ आकाश किती करडे दिसते हे पाहून नव्हे.

प्रथम हा कण म्हणजे काय, हे स्पष्ट झाले पाहिजे. धूळ म्हटली की झाडूने निघणारी, उन्हाच्या तिरिपीत दिसणारी धूळ मनात येते. ती त्रासदायक खरी, पण सर्वांत घातक नव्हे. नाकातले केस आणि घशातला ओलावा तिला बरीचशी अडवतात. चिंता आहे ती त्याहून बारीक कणांची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १० मायक्रॉन व त्याहून लहान कणांना पीएम १० आणि २.५ मायक्रॉन व त्याहून लहान कणांना पीएम २.५ असे म्हणतात. माणसाचा केस साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे त्या जाडीत अडीच मायक्रॉनचे वीस-पंचवीस कण एका ओळीत सहज बसतील. पीएम १० मधला जाडसर भाग श्वासनलिकांपर्यंत जातो आणि खोकल्यावाटे काहीसा बाहेरही पडतो. पीएम २.५ मात्र फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतो, आणि तेथून त्याला बाहेर ढकलण्याची शरीराची शक्ती तोकडी पडते. त्याहूनही सूक्ष्म कण थेट रक्तात उतरू शकतात.

या कणांच्या जन्माच्या तीन रीती आहेत. जाडसर कण बहुतांशी घासण्या-फुटण्यातून निघतात. रस्ता, खडी, सिमेंट, उकरलेली माती ही त्यांची घरे. बारीक कण मुख्यतः जळण्यातून निघतात. डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा यांतील काहीही जळले की ते हवेत येतात. तिसरी रीत अधिक फसवी आहे. काही कण धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडतच नाहीत. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड आणि इंजिनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड हे वायू वाऱ्याबरोबर वाहत जातात आणि वाटेत हवेतच त्यांचे सल्फेटचे व नायट्रेटचे कण बनतात. धुराडे एका तालुक्यात असते आणि त्याचा कण दुसऱ्या जिल्ह्यातील मुलाच्या छातीत जाऊन बसतो. अशा वेळी दोषी कोण, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही.

धूळ म्हणजे दमा, एवढेच समीकरण लोकांच्या मनात असते. वस्तुतः या कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा फार मोठा आहे. कण आत गेला की शरीर त्याच्याशी झगडते, त्यातून दाह उत्पन्न होतो, रक्तवाहिन्या कठीण होतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. जुनाट श्वसनविकार, फुफ्फुसाचा कर्करोग, लहान मुलांचा न्यूमोनिया, कमी वजनाची बाळे या सर्वांशी या कणांचा संबंध संशोधनातून सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतील सहा शहरांमधल्या आठ हजारांहून अधिक प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षे पाठपुरावा करून झालेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान आणि इतर कारणे हिशेबात घेऊनही सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेतील धूलिकणांना कर्करोगकारक म्हणून जाहीर केले. डिझेलच्या धुराबाबत तसाच निर्णय त्याआधी एक वर्ष, २०१२ मध्ये, झाला होता.

भारतापुरते पाहायचे तर २०१९ या एका वर्षातील १६ लाख ७० हजार मृत्यू, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी १७.८ टक्के, वायुप्रदूषणाशी निगडित होते, असा अंदाज ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात २०२० साली मांडण्यात आला. त्यांतील सुमारे ९ लाख ८० हजार मृत्यू बाहेरच्या हवेतील कणांमुळे आणि ६ लाख १० हजार घरातील चुलीच्या धुरामुळे झाल्याचे त्यात म्हटले आहे. हे अंदाज आहेत, प्रेतांची मोजणी नव्हे, हे खरे. परंतु मोजणी होणार तरी कशी? मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिले जाते. ‘धूळ’ असे कारण त्यावर कधीच लिहिले जात नाही. ज्या मारेकऱ्याचे नाव नोंदवायला रकानाच नाही, त्याच्यावर खटला भरणे अवघड असते.

शासनाने आता हवेचा निर्देशांक सुरू केला आहे आणि वर्तमानपत्रे तो रोज छापतात. ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्यातील शब्दांची किंमत तपासून घेतली पाहिजे. या निर्देशांकात चोवीस तासांच्या सरासरीने पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असेल, तर हवा ‘समाधानकारक’ मानली जाते. भारताचे २००९ साली ठरलेले दैनिक मानकही तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी घालून दिलेली मर्यादा १५ आहे. म्हणजे जागतिक मर्यादेच्या चौपट धूळ असली तरी भारतीय नागरिकाने समाधान मानावे, असा याचा अर्थ झाला. वार्षिक सरासरीची तफावत आणखी मोठी आहे: तेथे ५, येथे ४०. गरीब देशाला एकदम कडक मानके परवडत नाहीत, असे यावर सांगितले जाते. परंतु गरीब देशाच्या माणसाचे फुफ्फुस काही आठपट मजबूत नसते.

दुसरा युक्तिवाद हवामानाचा. मुंबईला समुद्र आहे. खारे वारे धूळ वाहून नेतात, म्हणून या शहराला चिंता नाही, असे वर्षानुवर्षे सांगण्यात आले. मग २०२२-२३ च्या हिवाळ्यात वारे मंदावले आणि मुंबई आठवडेच्या आठवडे धुरकटली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तोच प्रकार इतका वाढला की मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा सांगण्यात आले की हा वाऱ्याचा दोष आहे. वारा मंदावला की धूळ साचते, हे शास्त्रीय सत्य आहे. परंतु वारा धूळ निर्माण करीत नाही. गटार तुंबल्यावर पावसाला दोष देणारे आणि धूळ साचल्यावर वाऱ्याला दोष देणारे प्रशासन एकच असते.

मुंबईच्या धुळीचा इतिहास गिरणगावातून सुरू होतो. १८५० च्या दशकात येथे कापड गिरण्या उभ्या राहिल्या, धुराडी वाढली, आणि १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. धुराड्याच्या तोंडातून निघणारा काळा धूर शहरातील प्रतिष्ठितांना दिसत होता. म्हणून कायद्यालाही तो दिसला. त्याच गिरणीच्या आत ब्लोरूममध्ये आणि कार्डिंग खात्यात कापसाची तूस कामगारांच्या केसांवर, भुवयांवर आणि छातीत बसत होती. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून यावी आणि वर्षे लोटता लोटता ते आवळणे कायमचे व्हावे, अशा त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने धूळ खेचून घेण्याची यंत्रे बसवण्याची सक्ती केली, आणि बिसिनोसिस व सिलिकोसिस यांचा समावेश नोंदणीयोग्य रोगांत झाला. परंतु रोग कायद्याच्या पुस्तकात नोंदला जाणे निराळे आणि खोकणाऱ्या कामगाराच्या नावावर नोंदला जाणे निराळे. कित्येकांच्या छातीची नोंद ‘जुनाट खोकला’ आणि ‘विडीचे व्यसन’ या दोन शब्दांतच संपली.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. २००१ साली विकास नियमावलीत बदल झाला आणि गिरण्यांच्या जमिनींवर बुरूज चढू लागले. ज्या जागी कापसाची धूळ होती त्या जागी सिमेंटची धूळ आली. धूळ बदलली, जागा तीच राहिली, आणि तिच्यात उभे राहणारा माणूसही तसाच राहिला. फरक इतकाच की गिरणी कामगाराला निदान हजेरीपट होता, युनियन होती, राज्य विमा योजनेचे कार्ड होते. आज पायाडावर उभा असलेला मजूर मुकादमाच्या वहीतील एक आकडा आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई महानगरपालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. भूखंडाभोवती २५ ते ३५ फूट उंचीचे पत्रे उभारावेत, इमारतीला ओले तागाचे कापड गुंडाळावे, पाणी फवारावे, राडारोड्याचे ट्रक झाकून न्यावेत, अशा तिच्यातील तरतुदी योग्यच होत्या. परंतु त्या पत्र्याच्या कुंपणाकडे जरा निरखून पाहिले, तर या साऱ्या प्रश्नाचे चित्र तेथेच दिसते. पत्रा रस्त्यावरून जाणाऱ्याचे धुळीपासून रक्षण करतो. पत्र्याच्या आत जो दगड कापतो, फरशी घासतो, सिमेंटच्या गोण्या फोडतो, तो मात्र धुळीसकट आत कोंडला जातो. त्याची बायको तेथेच तगारी उचलते आणि त्यांचे मूल वाळूच्या ढिगावर झोपते. दगडाच्या व काँक्रीटच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिसवर औषध नाही. शिवाय तो झालेल्याला क्षयाचा धोका अधिक असतो. नियमावलीत मुखपट्टीचा उल्लेख होता; पण फडक्याने तोंड बांधून सिलिका थांबत नाही. धूळ उगमाशीच ओली केली पाहिजे, कापणाऱ्या यंत्राला पाण्याची धार जोडली पाहिजे आणि कामगाराची छाती वेळोवेळी तपासली पाहिजे. बांधकाम खर्चावर एक ते दोन टक्के उपकर घेऊन मजुरांचे कल्याण करण्याची तरतूद १९९६ साली झाली. पैसा जमतो, छातीच्या तपासणीपर्यंत तो क्वचितच पोचतो.

रस्त्यावरची धूळ हा पीएम १० चा फार मोठा उगम आहे, हे मुंबईसह अनेक भारतीय शहरांत झालेल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की मोटारींचा दोष नाही, दोष रस्त्याचा आहे. परंतु रस्त्यावरची धूळ आपोआप उडत नाही. चाकांनी ती उडते, आणि तिच्यात टायरची झीज आणि ब्रेकची पूडही मिसळलेली असते. मोटार विजेवर चालू लागली म्हणून तिचा टायर झिजायचा थांबत नाही. म्हणून इंधन बदलणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. चाकांची संख्याच कमी झाली पाहिजे, आणि ती बसगाडीने होते. मुंबईत काय झाले? २०१० च्या सुमारास बेस्टकडे चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. २०२५ पर्यंत कंत्राटदारांच्या भाड्याच्या गाड्या धरूनही ही संख्या तीन हजारांच्या खाली आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. त्याच काळात सुमारे साडेदहा किलोमीटरच्या सागरी किनारा मार्गावर तेरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, आणि त्या मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. बस मिळत नाही म्हणून माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो. मग वाहनांची संख्या वाढवल्याचा ठपकाही त्याच्यावरच येतो.

कचऱ्याचेही तसेच आहे. सगळ्या शहराचा कचरा १९२७ पासून देवनारला नेऊन टाकला जात आला. २०१६ च्या जानेवारीत त्या डोंगराला आग लागली. ती कित्येक दिवस धुमसली आणि तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही टिपला गेला. कचरा निर्माण करणारी घरे दूर होती, धूर गोवंडी-मानखुर्दच्या वाट्याला आला. माहुलचे उदाहरण याच प्रकारचे आहे, जरी तेथला प्रश्न कणांइतकाच तेलाच्या वाफांचा होता. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडून लोकांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन बसवण्यात आले. ती जागा राहण्यास योग्य नाही, हे लोकांना वर्षानुवर्षे रस्त्यावर बसून सांगावे लागले. शेवटी २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, या कुटुंबांना अन्यत्र घर द्या अथवा दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या, असा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. पुनर्वसन हा शब्द सरकारी कागदांवर फार सोज्ज्वळ दिसतो.

आता दोन धुराड्यांची गोष्ट. एक धुराडे बेकरीचे. मुंबईचा पाव ज्या भट्ट्यांतून निघतो त्यांपैकी अनेक लाकडावर चालतात; स्वस्त पडते म्हणून जुन्या फर्निचरचे, रंग लागलेले भंगार लाकूडही त्यांत जळते. त्याचा धूर विषारी असतो, आणि तो सर्वांत आधी भट्टीपुढे रात्रभर उभ्या असलेल्या कारागिराच्या छातीत जातो. हा धूर बंद झाला पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने या भट्ट्यांना गॅस अथवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली.

दुसरे धुराडे कोळशावरील वीज केंद्राचे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती २०१७ मध्ये संपली, वाढवली. पुन्हा संपली, पुन्हा वाढवली. अखेर २०२५ च्या जुलैमध्ये देशातील सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक संचांना ही गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच देण्यात आली. बेकरीची सहा महिन्यांची मुदत ज्या महिन्यात संपली, त्याच महिन्यात हे घडले. पाव भाजणाऱ्याला सहा महिने, आणि कोळसा जाळणाऱ्याला दहा वर्षे देऊन वर माफी!

ही यंत्रणा भारतात अशक्य आहे, असे म्हणावे तर उत्तर महाराष्ट्रातच आहे. डहाणूच्या चिकूच्या वाड्या आणि आदिवासी पाडे यांच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली एक प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने डहाणूच्या वीज केंद्राला गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला, त्याचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला आणि २००७ मध्ये ती यंत्रणा चालू झाली. देशभरासाठी नियम होण्याच्या आठ वर्षे आधी एका तालुक्यात हे झाले. तेथे तंत्रज्ञान निराळे नव्हते आणि कोळसाही जादूचा नव्हता. तेथे जागे असलेले लोक होते आणि न वाकणारे एक प्राधिकरण होते.

बेकरीच्या बाबतीतही न्यायाचा मार्ग उपलब्ध आहे, आणि तो जुना आहे. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले. त्या वेळच्या मोजणीप्रमाणे सुमारे चार हजार माणसे त्यात दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. सरकारने आधी इन्फ्लुएंझाकडे बोट दाखवले. परंतु लोकमताच्या रेट्यापुढे १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा करावा लागला. त्या कायद्याने धूरबंदी क्षेत्रे ठरवली, आणि त्याचबरोबर सामान्य घरातील शेगड्या बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीतून दिला. नियम आणि पैसा हातात हात घालून आले, म्हणून तो कायदा टिकला. येथे नियम येतो, दंड येतो. पैसा मात्र वाटेत कोठेतरी थांबतो. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच झाले आहे. २०१६ पासून गरीब घरांना जोडण्या मिळाल्या, परंतु दुसरे सिलिंडर भरून आणणे ज्यांना जड जाते त्या घरांतून चूल पुन्हा पेटते. चुलीच्या तोंडाशी बसलेल्या बाईला धुराचे दुष्परिणाम समजावून सांगणे, हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे. धूर काय करतो हे तिच्याइतके कोणाला ठाऊक आहे? तिला अडते ते पैशाचे.

येथे एका अवघड प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. धूर बंद करा म्हटले की कारखाना बंद होतो आणि कामगार रस्त्यावर येतो. मग श्रमिकांच्या चळवळीने या प्रश्नात पडावे कशाला? ही भीती निराधार नाही. १९९६ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक उद्योग शहराबाहेर हलवण्याचा अथवा बंद करण्याचा आदेश दिला. त्यात कामगारांच्या भरपाईची तरतूद होती. परंतु भरपाई मिळवायला कामगाराला आपण कामगार आहोत हेच सिद्ध करावे लागे, आणि ज्याचे नाव हजेरीपटावर नाही तो ते कसे सिद्ध करणार? धुराड्याच्या मालकाला मोकळी झालेली जमीन मिळाली आणि कामगाराला गावची वाट मिळाली. यातून काढण्याजोगा धडा असा नाही की श्रमिकांनी हवेच्या प्रश्नापासून दूर राहावे. धडा असा की ते दूर राहिले, तर हा प्रश्न त्यांच्या विरोधात सुटेल. दिवाणखान्यात बसून हवेची काळजी करणाऱ्याला झोपडी हटवणे हाही एक स्वच्छतेचाच उपाय वाटू शकतो. हवा शुद्ध करणारे यंत्र विकत घेऊन दार लावून बसणे, हा तर या प्रश्नावरचा सर्वांत खासगी उपाय झाला. ज्याला तो परवडतो त्याच्या मनातील सार्वजनिक हवेविषयीची निकड तेवढीच कमी होते. खासगी शाळा आणि खासगी दवाखाना यांच्या बाबतीत हे घडून गेले आहे. हवेच्या बाबतीत ते घडू देता कामा नये.

म्हणून कोणतीही योजना पुढे आली की तिला एकच प्रश्न विचारावा: ही योजना धूळ उडवणाऱ्याला धरते, की धूळ गिळणाऱ्याला? केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर ही शहरे त्यात आहेत. २०२५-२६ पर्यंत पीएम १० चे प्रमाण चाळीस टक्क्यांनी उतरवण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये ठरले. रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे यांवर पैसा घालणे सोपे असते, कारण त्यांमुळे कोणत्याही मालकाच्या धंद्याला धक्का लागत नाही. आणि पीएम १० वर लक्ष ठेवले की ज्या बारीक कणाने माणूस मरतो तो जळणाचा कण बाजूला राहतो. हिशेब मागायचा तो पीएम २.५ चा, आणि शहराच्या सरासरीचा नव्हे तर वस्तीचा. सरासरी ही फार सोयीची गोष्ट असते. मलबार हिलचा समुद्रवारा आणि देवनारचा धूर मिसळून ती काढली की कोणीच आजारी दिसत नाही.

कार्यकर्त्यांना यात करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कोणाला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. वस्तीत कोणत्या वेळी कोणत्या दिशेने धूर येतो, राडारोड्याचे उघडे ट्रक किती वाजता जातात, काँक्रीटचा कारखाना शाळेपासून किती पावलांवर आहे, याची महिनाभर वहीत केलेली नोंद ही अधिकाऱ्यापुढे ठेवण्याजोगी वस्तू आहे. पालिकेच्या दवाखान्यात धाप लागून आलेल्या मुलांची संख्या महिनावार मागता येते; २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा त्यासाठीच आहे. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याखाली कारखान्याला कोणत्या अटींवर संमती दिली गेली, हा कागदही मागता येतो, आणि त्या अटी वाचल्यावर बहुधा पुढचे भाषण करावे लागत नाही. वस्तीजवळच्या दवाखान्यात फुफ्फुसाची क्षमता मोजणारे साधे यंत्र असावे, ही मागणी मोठी नाही. बांधकामावरील मजुराची छाती उपकराच्या पैशातून तपासली जावी, ही मागणी तर हक्काचीच आहे. सुका पाला जाळणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराला दंड करण्यापूर्वी तो पाला उचलायला त्याला गाडी दिली होती का, हे विचारले पाहिजे. आणि बसगाड्यांची मागणी ही केवळ प्रवाशांची मागणी नाही, ती हवेचीही मागणी आहे, हे प्रत्येक सभेत सांगितले पाहिजे.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हक्क कागदावर आला, त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. परंतु कागदावरील हक्क छातीपर्यंत पोचवण्याचे काम न्यायालये एकटी करू शकत नाहीत. कामाचे आठ तास असोत की किमान वेतन, ते कायद्यात येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही रस्त्यावर मिळवावे लागले. हवेचेही तसेच आहे. गिरणीत तूस गिळणाऱ्या कामगाराच्या पिढीला आपल्या खोकल्याचा मालक कोण, हे कळेपर्यंत आयुष्य संपून गेले. आज पायाडावर, रस्त्यावर, भट्टीपुढे आणि कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या त्याच्या नातवंडांच्या वाट्याला तेच येऊ नये, एवढीच या सर्व विवेचनामागची इच्छा आहे.